अडीच बंडं पाहिलेले इंगवले काका

भाड्याचं घर बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात, याचा मला दांडगा अनुभव आहे. विमा कंपनीतली नोकरी, दर तीन-चार वर्षांनी बदली, त्यात बाई एकटी. लग्न का नाही केलं, मांसमच्छी खाता का, पाहुणे किती येतात, हे प्रश्न मला पाठ आहेत आणि माझी उत्तरंही. जयपूरला प्रताप नगरात वरचा मजला बघायला गेले तेव्हा मात्र इंगवले काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "मॅडम, घर सोडून निघायचं म्हटलं तर किती वेळात निघाल?"

"एक महिन्याची नोटीस देईन की," मी म्हटलं.

"महिना न्हवं. मिनिटं विचारतोय."

मग त्यांनी मला घर दाखवलं. म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर, कपाटं वगैरे नाही. ते मी माझं माझं बघून घेतलं. त्यांनी दाखवलं ते बाहेर पडायचे रस्ते. पुढचा जिना, मागचा लोखंडी जिना, गच्चीवरून शेजारच्या गुप्ताजींच्या गच्चीवर टाकता येईल अशी फळी, आणि मागच्या बोळातून सांगानेरकडे निघणारी वाट. मी आयुष्यभर लोकांना जोखीम समजावून सांगत आले, पण जोखमीचा इतका मनापासून विचार केलेला माणूस मला आमच्या विभागीय कार्यालयातही भेटला नव्हता. तेवढ्यात काकू चहा घेऊन बाहेर आल्या.

"अहो, त्यांना चहा तरी पिऊ द्या की. सरकार काय आत्ता लगेच पडणार हाय काय?"

"तसंच वाटतं सगळ्यांना," काका गंभीरपणे म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

काका मूळचे कागल तालुक्यातले. बारावी झाल्यावर टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या, दिल्लीला सरकारी नोकरीत लागले आणि तिथून परराष्ट्र खात्यात गेले. पुढची तेहेतीस वर्षं निरनिराळ्या देशांतल्या आपल्या दूतावासांत त्यांनी टंकयंत्र बडवलं. या काळात त्यांनी लष्करी बंडं पाहिली ती अडीच. दोनदा सरकार पडलं आणि एकदा पडता पडता राहिलं, त्याचा त्यांनी अर्धा धरलेला. हा हिशेब ते फार काटेकोरपणे सांगत. जयपूरच्या मराठी मंडळात कुणी कौतुकाने "काकांनी तीन-तीन बंडं बघितली आहेत" म्हटलं की लगेच हात वर करून दुरुस्त करायचे, "अडीच. उगाच वाढवू नका."

देशांची नावं मात्र त्यांनी कधीच सांगितली नाहीत. नोकरीत लागताना तोंड बंद ठेवायची शपथ घेतली होती, ती निवृत्तीनंतर चौदा वर्षांनीही पाळत होते. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात पहिला देश, दुसरा देश आणि तिसरा देश एवढंच असायचं. "पहिल्या देशात आंबा चांगला मिळायचा." "तिसऱ्या देशात रिक्षावाले आपल्यापेक्षा बरे." आमच्या मराठी मंडळात या देशांची नावं ओळखण्याचा एक खेळच होऊन बसला होता. काकूंनी शपथ घेतलेली नव्हती, पण त्यांच्याकडूनही काही हाती लागत नसे, कारण त्यांच्या लेखी ते देश म्हणजे कोथिंबीर मिळत नव्हती तो, डास होते तो, आणि शेजारीण चांगली होती तो.

इतक्या वर्षांत काकांच्या अंगात काही सवयी मुरल्या होत्या. कुठेही गेले तरी दाराकडे तोंड करून बसायचे. स्कूटर लावायची ती बाहेरच्या बाजूला तोंड करून. पेट्रोलची टाकी कधी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. "घाबरायचं न्हाई, पण चप्पल दाराजवळ ठेवायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते मी इतक्यांदा ऐकलं की ऑफिसात एका पॉलिसीधारकाला हप्ता का भरायचा ते समजावताना माझ्याही तोंडून निघून गेलं. त्या माणसाने स्वतःच्या पायांकडे बघितलं.

वर्तमानपत्र घरात येत नसे. त्यामागे खर्चाचं कारण नव्हतं, तत्त्वाचं होतं. पहिल्या देशात सरकार पडलं त्या दिवशी सकाळच्या पेपरात पहिल्या पानावर राष्ट्राध्यक्षांनी एका साबणाच्या कारखान्याचं उद्घाटन केल्याची बातमी होती. दुसऱ्या देशात पेपराने लिहिलं होतं की राजधानीत हवामान आल्हाददायक राहील. "आदल्या दिवशीच्या पेपरात बंडाची बातमी तुमी कधी बघितलीय?" ते विचारायचे. मी नव्हती बघितली. "मग घ्यायचा कशाला?"

पहिल्या देशातल्या बंडाचा किस्सा हा त्यांच्या पोतडीतला सगळ्यात लाडका किस्सा. ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असं बजावून त्यांनी ती जयपुरातल्या झाडून सगळ्या मराठी माणसांना सांगितली होती. झालं असं की सव्वीस जानेवारी जवळ आलेली आणि तिथल्या आकाशवाणीने आपल्या दूतावासाकडे भारतीय संगीताची एक टेप मागितली. दूतावासात टेप सापडली ती एकच, काकूंनी लग्नात मिळालेली म्हणून जपून नेलेली. ती घेऊन काका सकाळी सकाळी रेडिओ केंद्रावर गेले. तिथल्या साहेबाची वाट बघत बाकावर बसले असतानाच बंदुका घेऊन दहा-बारा सैनिक आत शिरले.

"मला म्हणाले, हात वर. मी वर केले. एका हातात टेप होतीच."

सैनिकांचा कर्नल घोषणा वाचून दाखवणार होता. पण घोषणेच्या आधी काहीतरी संगीत लागायला हवं, असं त्याला वाटत होतं. बँडच्या तबकड्या कपाटात होत्या आणि कपाटाची किल्ली घेऊन कारकून केव्हाच मागच्या दाराने पळाला होता. कर्नलची नजर काकांच्या हातावर गेली.

"तिच्यात काय हाय, विचारलं. मी म्हटलं, म्युझिक हाय साहेब. घे म्हणाला, लाव."

आणि त्या देशाचं सरकार सनई-चौघड्यावर पडलं. कर्नल घोषणा वाचायचा, मध्ये थांबायचा, की सनई. पुन्हा संचारबंदीचे नियम, की पुन्हा सनई. दिवसभर दर अर्ध्या तासाने. दूतावासात रेडिओला कान लावून बसलेल्या काकूंना काहीच उलगडा होईना. त्या शेजारणीला म्हणाल्या, कुणाचं तरी लग्न हाय वाटतं, पण माणूस किती चिडून बोलतोय. "त्या देशात अजून सनई वाजली की म्हातारी माणसं दारं लावून घेतात," असं सांगून काका हा किस्सा संपवायचे. खरंखोटं त्यांचं त्यांना ठाऊक. मंडळातल्या लग्नांत मंगलाष्टकं संपून सनई सुरू झाली की आम्ही सगळे काकांकडे बघायचो आणि तेही आमचं मन राखायला दचकल्यासारखं करायचे.

तिसऱ्या देशातलं अर्धं बंड काकू सांगायच्या. तिथे सकाळी बंड झालं आणि दुपारच्या जेवणापर्यंत बंडखोरांत अध्यक्ष कुणी व्हायचं यावरून जुंपली. एक तरणा सैनिक बंदूक घेऊन त्यांच्या घरात शिरला, झडती घ्यायला. काकू थालीपीठ लावत होत्या. झडती राहिली बाजूला, तो पाटावर बसून चार थालीपीठं खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा दारात. या वेळी तो सरकारच्या बाजूने बंडखोरांना शोधत होता. "पोरगं तेच, भूक तेवढीच," काकू म्हणायच्या. "मी म्हटलं, ये बाबा, बस."

मंडळाच्या गणेशोत्सवात एकदा काकांना 'माझी परदेशवारी' या विषयावर बोलायला बोलावलं. लोकांना वाटलं, बर्फ, विमानतळ, तिकडच्या भाज्या असं काहीतरी ऐकायला मिळेल. काकांनी पाऊण तास सरकार पाडताना लोक कोणत्या चुका करतात यावर व्याख्यान दिलं. अगदी जीव तोडून. माणसं कमी घ्यावीत, पण त्यांच्या नाश्त्याची सोय आधी करावी. रेडिओ केंद्र ताब्यात घ्यावं, पण किल्ल्या कुणाकडे असतात ते आदल्या दिवशी बघून ठेवावं. आणि अध्यक्ष कोण होणार ते आधी ठरवावं, त्यावाचून हलू नये. आमचे मंडळाचे अध्यक्ष गेली अकरा वर्षं बिनविरोध निवडून येत होते. ते पहिल्या रांगेत बसून आधी हसत होते, मग गंभीर झाले, आणि पुढच्या सभेपासून खुर्ची भिंतीला टेकवून बसू लागले.

या सगळ्यात दुसऱ्या देशाबद्दल काका फारसं बोलत नसत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "तिथं सगळं झटपट झालं," आणि काकूंना पाणी आणायला सांगायचे.

आता त्या रविवारची गोष्ट.

काका-काकूंजवळ त्यांची नात राहायची, ईशा. तिचे आईवडील बँकेच्या बदलीवर गुवाहाटीला, आणि ही जयपुरातच वाढलेली. मराठी बोलायची ती हिंदीच्या आधाराने, आणि मला 'सुमेधा दी' म्हणायची. शिक्षक भरतीच्या परीक्षेची तयारी तिने तीन वर्षं चालवली होती. पहिल्या वर्षी परीक्षा दिली, पेपर फुटला, परीक्षा रद्द. दुसऱ्या वर्षी पुन्हा दिली, पुन्हा तेच. मुलीने दोन्ही वेळा रडून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी परत पुस्तक उघडलं. तिच्या खोलीतला दिवा मला वरून दिसायचा. आता तिसरी खेप होती. केंद्र दुर्गापुऱ्यातल्या एका शाळेत, पेपर दहाला, पण फाटक नऊला बंद. नऊ म्हणजे नऊ. नंतर साक्षात मुख्यमंत्री आले तरी आत घेत नाहीत. तिला गाडीने सोडायचं मी कबूल केलं होतं.

त्या वर्षी सैन्याचं मोठं संचलन जयपूरला व्हायचं होतं आणि तेही आमच्या मागच्या हमरस्त्यावर. आठवडाभर रोज पहाटेपासून त्याची तालीम चालली होती. अख्ख्या शहराला ते माहीत होतं. पोरं भिंतीवर चढून रणगाडे मोजत होती. काका-काकू मात्र पुतण्याच्या लग्नासाठी महिनाभर गावी गेले होते आणि शनिवारी संध्याकाळीच परतले होते. प्रवासाने दमून लवकर झोपले. त्यांना संचलनाचं सांगायचं राहून गेलं, कारण आम्हा प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल.

रविवारी सकाळी सातला मी खाली उतरले तर फाटकाला कुलूप. काकू घरातली सगळी भांडी, बादल्या, कुकरसुद्धा पाण्याने भरत होत्या. पलंग खिडकीपासून लांब सरकवलेला. काका कानाला रेडिओ लावून व्हरांड्यात उभे, कानटोपी, त्यावर मफलर, आणि धुक्यातून ती घरघर येत होती. जमीन किंचित हादरवणारी.

"मॅडम, वर जाऊ नका. इथंच थांबा," काका हळू आवाजात म्हणाले. "नेट बंद हाय. टीव्ही नुसता गोल गोल फिरतोय. रेडिओवर सकाळपास्नं देशभक्तीची गाणी. आणि हे ऐका."

मला हसू आवरेना. "काका, ती संचलनाची तालीम आहे."

काकांचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"दुसऱ्या देशातबी तालीमच होती," ते म्हणाले.

"अहो, आणि नेट परीक्षेसाठी बंद केलंय. कॉपी होऊ नये म्हणून. इथे दर परीक्षेला करतात."

"तिथं टेलिफोन बंद होता. तारा दुरुस्त करायच्यात म्हणून सांगितलेलं."

"पेपरात आलंय हो सगळं! आठवडाभर येतंय!"

हे मी बोलायला नको होतं. पेपरात आलंय म्हटल्यावर त्यांची उरलीसुरली शंका फिटली. मी जितकी खरी कारणं देत गेले तितका त्यांचा संशय पक्का होत गेला, कारण ही सगळी कारणं त्यांनी एकदा ऐकलेली होती. साडेसात वाजले.

ईशा बाहेर आली. हातात पारदर्शक पिशवी, तिच्यात प्रवेशपत्र, निळं पेन, फोटो. तिने कुलूप बघितलं, आजोबांकडे बघितलं.

"आबा, चावी द्या ना."

"आज न्हाई जायचं कुठं."

"आबा, मतलब काय? नेट माझ्या परीक्षेसाठीच बंद आहे. माझ्यासाठी! मीच तर चालली आहे ती परीक्षा द्यायला!"

"परीक्षा पुढच्या वर्षी देता येती."

आता ही ओरडणार, रडणार असं मला वाटलं. काकूंनाही वाटलं असावं, त्या नळ बंद करून बाहेर आल्या. पण ईशा पायरीवर बसली.  मग म्हणाली, "आबा, दोन वेळा पेपर फुटला, तर मी कुणाला काही बोलली नाही. आज माझं घरच्या गेटवर अटकलं तर मी काय करू, मला नाही पता. तुम्ही एक काम करा. तुम्हाला ह्या गोष्टी कळतात, आम्हाला नाही कळत. तुम्ही जाऊन बघून या. तुम्ही म्हणालात खरं आहे, तर मी नाही जाणार. प्रॉमिस. पण आत्ता जा."

इतक्या वर्षांत काकांच्या जाणकारीवर हसणारे पुष्कळ भेटले, मीही त्यांतलीच. त्या जाणकारीवर भरवसा टाकणारी ही पहिलीच असावी.  काकांनी बनियनच्या आतून किल्ली काढली. काकूंनी न सांगता उशीचा पांढरा अभ्रा काढून त्यांच्या हातात दिला. आम्ही दोघं बाहेर पडलो आणि त्यांनी माझ्यामागे कुलूप पुन्हा लावलं.

हमरस्ता चालत दहा मिनिटांवर. काका भिंतीच्या कडेकडेने चालत होते आणि मलाही तसंच चालायला लावत होते. समोरून दूधवाला भैया मोटरसायकलवरून आला आणि आम्हाला "राम राम सा" करून गेला. कोपऱ्यावर पोचलो तेव्हा आठ वाजायला आले होते. धुक्यात रणगाड्यांची रांग हळूहळू पुढे सरकत होती. रस्त्याच्या कडेला माणसं चहा पीत उभी. काका चहाच्या एका गाड्याच्या आड उभे राहून बघू लागले. मी घड्याळ बघत होते.

एवढ्यात मचाणावरून एका अधिकाऱ्याचा आवाज लाउडस्पीकरवर घुमला. "तीन नंबर! तीन नंबर लाइन से बाहर है! सब वापस! शुरू से!"

सगळी रांग कुरकुरत थांबली आणि एक-एक रणगाडा मागे जाऊ लागला. पुन्हा सगळे पुढे आले. पुन्हा आवाज, "तीन नंबर! सो रहे हो क्या? वापस!"

काकांनी माझा दंड धरला. "मॅडम, परत करायला लावतोय?"

"हो. रोज असंच. कालही चारदा."

"रांग सरळ न्हाई म्हणून?"

"हो, काका."

ते आणखी क्षणभर बघत राहिले. तीन नंबर तिसऱ्यांदा मागे निघाला तेव्हा त्यांच्या खांद्यांवरचा भार उतरलेला मला स्पष्ट दिसला. "खुळाच हाय मी," ते म्हणाले. "सरकार पाडायला निघालेला माणूस रांगेसाठी कशाला थांबतोय?" आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस कानटोपी हातात घेऊन घराकडे पळत सुटला. मी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, पण मला ते काही गाठता आले नाहीत.

सव्वाआठला गाडी निघाली. ईशा मागे, काका पुढे, अभ्रा अजून त्यांच्या हातातच. दुसऱ्या चौकात पोलिसाने हात आडवा केला. तालीम आटोपलेल्या काही तुकड्या छावणीकडे परत निघाल्या होत्या आणि ट्रकांमागून ट्रक, तोफा, त्यांच्यामागे आणखी ट्रक चौक ओलांडत होते.

"कितना टाइम, भैया?" ईशाने मान बाहेर काढून विचारलं.

"बीस-पच्चीस मिनट तो मानके चलो, बहनजी."

आठ वाजून बत्तीस मिनिटं. तिथून दुर्गापुरा रविवारच्या मोकळ्या रस्त्यानेही पंधरा मिनिटांचा.  मला आरशात दिसलं, ईशाने पिशवी छातीशी घट्ट धरली होती आणि ओठ मिटून घेतले होते. काकांनी ते बघितलं आणि गाडीचं दार उघडलं.

"काका, कुठे चाललात?"

ते थेट चौकाच्या मध्यभागी चालत गेले. दोन्ही हात वर, एका हातात तो पांढरा अभ्रा. पोलीस शिट्टी मारत धावला. चौकात उभा असलेला एक तरुण कॅप्टन वळला आणि हा काय प्रकार आहे ते बघत राहिला. मी काच खाली केली.

"बाबा, हाथ नीचे कीजिए," कॅप्टन म्हणाला. "क्या हुआ?"

काकांनी हात खाली घेतले नाहीत. "साहब, बच्ची का परीक्षा हाय," ते आपल्या कागलच्या हिंदीत म्हणाले. "नौ बजे गेट बंद. तीसरी बार दे रही हाय. दो बार पेपर फूट गया. आज मेरे वजह से लेट हुआ. उसकी गलती न्हाई."

कॅप्टनने आमच्या गाडीकडे बघितलं. ईशाने काचेतून प्रवेशपत्र वर धरलं होतं. त्याने घड्याळ पाहिलं, हातातल्या वायरलेसवर दोन शब्द बोलला आणि येणाऱ्या ट्रकसमोर तळहात धरला. तो अवजड ट्रक कचकन थांबला. त्याच्यामागची तोफ थांबली. तिच्यामागची सगळी रांग, जिथपर्यंत नजर जात होती तिथपर्यंत, थांबली.

"निकालिए मैडम, जल्दी!"

मी काकांना गाडीत ओढून घेतलं आणि चौक ओलांडला. ट्रकमधल्या जवानांनी वाकून बघितलं आणि एकजण ओरडला, "ऑल द बेस्ट, दीदी! अच्छे से करना!"

 काका मागे वळून बघत म्हणाले, "थांबले."

"हो, काका."

"न्हाई, मॅडम, थांबले ते." त्यांचे डोळे भरून आले होते. अडीच बंडांत त्यांनी सैन्य पुष्कळ बघितलं होतं, पण कुणासाठी थांबलेलं सैन्य ते पहिल्यांदाच बघत होते. मला रस्ता नीट दिसेना म्हणून मी उगाच वायपर लावला.

आठ वाजून चोपन्न मिनिटांनी शाळा आली. दारात नेहमीची झाडाझडती. पूर्ण बाह्यांचा स्वेटर चालणार नाही, बूट चालणार नाहीत, केसातली क्लिप काढा. ईशाने स्वेटर काढून आजोबांच्या हातात दिला, बूट काढले आणि अनवाणी आत पळाली. नऊला फाटक बंद झालं. दोन मिनिटांनी एक नवरा-बायको धापा टाकत आले, तिच्या हातात तसलीच पिशवी. फाटकावरच्या माणसाने मान हलवली. ती बाई गजांना धरून रडत होती. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

आम्ही समोरच्या फुटपाथवर बसलो. ऊन आलं होतं. काका स्वेटरची घडी घालत होते, मोडत होते, परत घालत होते. मी काहीच विचारलं नव्हतं, तरी ते बोलायला लागले.

"दुसऱ्या देशात आमच्याकडं एक पोरगी होती. टेलिफोनवर. ग्रेस नाव. हिच्याएवढीच. सकाळी अशीच घरघर ऐकू आली तशी माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, मिस्टर इंगवले, हे काय हाय? घरी आई एकटी हाय, जाऊ का नको? माझ्याकडं कागद आला होता आदल्या दिवशी. संचलनाची तालीम म्हणून, मीच टाइप करून फळ्यावर लावला होता. मी हसलो. म्हटलं, तालीम हाय, जा बिनधास्त. दुपारच्याला ये."

त्यांनी स्वेटरची घडी परत मोडली.

"मग?"

"मग न्हाई आली. अकरा दिवस खुर्ची रिकामी. मग दुसरी पोरगी आली कामावर."

"तिचं काय झालं, कळलं नाही?"

"मी विचारलंच न्हाई, मॅडम. कुणालाच न्हाई. विचारलं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं ना." त्यांनी स्वेटरची पुन्हा घडी घातली. "असंल ती. नातवंडं झाली असतील तिला. असंल कुठंतरी."

 लोकांच्या दुःखावर काय बोलावं याचं आम्हाला कंपनीने रीतसर प्रशिक्षण दिलेलं आहे, त्यातलं एक वाक्य आठवेना. मी कोपऱ्यावरून दोन चहा आणले. त्यांनी घेतला, पण प्यायले नाहीत.

पुढे माझी नागपूरला बदली झाली. ईशा पास झाली, टोंककडच्या एका गावात शाळेवर लागली, हे काकूंनी फोनवर सांगितलं, आणि काकांनी तिच्या घराचे बाहेर पडायचे रस्ते बघून आल्याचंही सांगितलं. पण काका म्हटलं की मला आठवतात ते त्या दुपारचे.

साडेबाराला घंटा झाली आणि फाटक उघडलं. शेकडो मुली एकदम बाहेर आल्या, सगळ्या थंडीत अर्ध्या बाह्यांनी, सगळ्यांचे केस मोकळे. आईबाप पुढे धावले आणि "कैसा गया, कैसा गया" असा एकच गलका उठला. काका एका झाडाच्या पारावर चढून टाचा उंचावून उभे होते. एक एक चेहरा बघत होते. गर्दी अर्धी ओसरली तरी ईशा दिसेना. मी म्हटलं, "येईल हो काका, मागे असेल." त्यांना ऐकू आलं नाही. ते पुटपुटत काहीतरी मोजत होते.

मग ती आली. शेवटच्या घोळक्यात, कुणाशी तरी हसत बोलत. धावतच पाराशी आली आणि म्हणाली, "आबा, मस्त गेला पेपर! एकदम मस्त!"

काकांनी पेपरचं काहीच विचारलं नाही. ते खाली उतरले, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आलीस?"

"हो ना आबा, संपली परीक्षा. मतलब, येणारच ना मी."

"आलीस," ते पुन्हा म्हणाले. मग माझ्याकडे वळले, जणू मी तिथे नव्हतेच आणि मला हे पहिल्यापासून सांगायला हवं होतं. "मॅडम, बघा. आली ती. परत आली."